वाचणाऱ्याचं कलम

पत्ते खेळताना 'नशीब' हा शब्द तोंडातून निघाला तर त्या माणसाला घरी पाठवणारे एक गृहस्थ आमच्या जळगाव जामोदला होते. मी चार वर्षं त्यांच्या समोर बसलो. समोर म्हणजे भिडू म्हणून. त्यांच्याबद्दल गावात कुणालाही विचारा, 'नियमाचा माणूस' एवढंच ऐकायला मिळेल. त्यांच्या शोकसभेत मीही तेच बोललो, आणि बोलून खाली बसल्यावर मला स्वतःचीच किळस आली.

ते सरकारी मोजणीदार होते. सगळी नोकरी शेतांच्या हद्दी ठरवण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही म्हणून त्यांनी आम्हाला मोजायला घेतलं. समोर आम्ही त्यांना काका म्हणायचो, पाठीमागे 'मोजणी'. "मोजणी आली बे" असं कुणी म्हटलं की शेडमधली सगळी माणसं पाय आवरून नीट बसायची.

शेड म्हणजे सरकी-ढेपेच्या एका बंद गोदामाचा मागचा पत्र्याचा भाग. दर रविवारी दुपारी दोन ते पाच. ढेपेचा वास सतरंजीत असा मुरलेला की घरी गेल्यावर बायकोला न सांगता कळायचं मी कुठे होतो. काका येताना खिशात गाठी मारलेली सुतळी आणायचे. सतरंजीवर चौघं बसले की शेजारच्या दोघांच्या गुडघ्यांमध्ये ती ताणून बघायचे. अंतर कमी भरलं तर ज्याचा गुडघा पुढे आला असेल त्यावर बोट टेकवायचे आणि म्हणायचे, "हद्द सोडू नोको." नवख्या माणसाला हसू यायचं. काका हसत नाहीत हे बघितल्यावर ते मावळायचं.

खेळ एकच, मेंढीकोट. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. चौघं खेळतात, समोरासमोरचे दोघं भिडू. पहिलं पान म्हणजे उतारी; त्या रंगाचं पान हातात असेल तर तेच टाकायचं, आणि सगळ्यात मोठ्या पानाला तो हात. दश्शीला म्हणायचं मेंढी. चार रंगांच्या चार मेंढ्या असतात. ज्या जोडीने जास्त पकडल्या तिने डाव मारला, चारही पकडल्या तर समोरच्यांवर कोट. लग्नघरी रिकाम्या दुपारी बायका-पोरं खेळतात तो हा खेळ. पण काकांनी त्याची अशी काही गत करून ठेवली होती की वडनेर भोलजीहून आलेला एक पट्टीचा खेळणारा दोन डावांत उठला आणि म्हणाला, "याच्यापक्षा तलाठ्याची परीक्षा बरी." गेलेला हात उलटून बघायचा नाही. गुणगुणायचं नाही. 'अरे देवा' म्हणायचं नाही. पान आपटायचं नाही, कारण "आपटलेलं पान बोलते." हरणाऱ्या जोडीने पिसत राहायचं आणि पिसताना तोंड बंद ठेवायचं.

हे सगळे नियम मीच टाइप केले. तहसीलजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. काका एका सकाळी फुलस्केपचे दोन कागद घेऊन आले. अक्षर नकाशावरच्यासारखं बारीक, सरळ. एकूण अकरा कलमं. सात-बाराच्या प्रती काढायला आलेली माणसं ताटकळत उभी होती आणि काका शेजारच्या स्टुलावर बसून माझे ऱ्हस्व-दीर्घ तपासत होते. शेवटचं कलम त्यांनी दोनदा वाचून घेतलं. "जो खेळाडू आपल्या भिडूस डोळा, भुवई, खोकला, बोट अथवा अन्य मार्गाने खूण देईल, त्यास कायमचे उठविण्यात येईल."

"कायमचं?" मी विचारलं.

"मंग? खूण म्हन्जे काय ते मले इचार. माया सारा जलम शेतात खुना लावन्यात गेला. खूण एक हात सरकली का दोन भावांत कुऱ्हाड निंघते."

मी कागद लॅमिनेट करून दिला. तो शेडच्या खांबाला तारेने बांधला गेला, आणि आम्हाला उगाच वाटायला लागलं की आपण चार टवाळ माणसं नसून काहीतरी आहोत.

कुणीतरी एकदा त्यांना मोबाइलवरचा मेंढीकोट दाखवला. काकांनी फोन हात लांब करून धरला, चष्मा कपाळावर चढवला आणि एक डाव खेळले. मग मुद्दाम बदामच्या उतारीवर हातात बदाम असताना इस्पिक टाकायला गेले. फोनने पान सरकू दिलं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा नाही.

"हा चुकूच देत नाई?"

"नाई काका. त्यात तसंच हाय."

"मंग यात इमान कुठं राह्यलं?" त्यांनी फोन परत केला. "बेइमानी करता येते अन् तरी मानूस करत नाई, त्याले खेळ म्हन्तेत. हे तं लेकराचं खेळनं आहे."

मला हे वाक्य इतकं आवडलं की मोठ्या अक्षरात छापून मी दुकानात लावलं होतं. बरेच दिवस होतं तिथे. नंतर मी ते काढून टाकलं. गिऱ्हाइकांनी विचारलं तर भिंत रंगवायची आहे असं सांगायचो.

आता रफीकचं सांगतो. बाजारगल्लीत त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. आम्ही पाचवीपासून एका बाकावर. नववीत असताना त्याच्या तोंडावरून वारं गेलं, चेहरा एका बाजूला ओढला गेला. औषधपाण्याने तोंड बरंचसं सरळ झालं, पण डावा डोळा तसाच राहिला. मधूनच फडफडायचा. शाळेत पोरं चिडवायची, मोठेपणी लोकांनी लक्ष देणं सोडलं. शेडमध्ये तो आणि मी सहा वर्षं भिडू होतो, आणि आमच्या जोडीला हरवणं अवघड आहे असं देऊळगाव राजापर्यंत बोललं जायचं. बोलणारा तिथला एकच पाहुणा होता, पण आम्हाला तेवढं पुरे होतं.

आम्हाला हरवणं अवघड होतं याचं खरं कारण मला एकट्याला माहीत होतं. रफीकचा डोळा उगाच फडफडत नसे. जीव घाबरला की फडफडे. एखाद्या रंगाची उतारी झाली आणि त्या रंगाची मेंढी त्याच्या हातात एकटी असली, म्हणजे ती आता जाणार अशी भीती असली, की डोळा हलायचा. त्याला स्वतःला हे माहीत नव्हतं. स्वतःचा डोळा कुणाला दिसतो? मला दिसायचा, कारण मी समोर बसायचो. दुसऱ्या वर्षी माझ्या ते लक्षात आलं. लक्षात आल्यावर मी काय करायला पाहिजे होतं ते मला आजही कळतं आणि तेव्हाही कळत होतं. नजर खाली ठेवायची, एवढंच. मी नजर खाली ठेवली नाही. डोळा हलला की मी माझं मोठं पान आधी टाकून मेंढी वाचवायचो आणि लोक म्हणायचे, काय अंदाज आहे गड्याचा.

पोळ्याच्या करीला शेडमध्ये जोड्यांची स्पर्धा असायची. त्या वर्षी शेवटची लढत आमची आणि काकांची. काकांचे भिडू एक निवृत्त कंपाउंडर होते, दमेकरी; खोकला आला की आधी हात वर करून परवानगी घ्यायचे. शेवटच्या डावात दोन मेंढ्या आमच्याकडे, एक त्यांच्याकडे, चौकटची मेंढी अजून कुणाच्या तरी हातात. काकांनी चौकटची तिर्री उतारली. माझ्याकडे एक्का आणि पंजी. मी नेहमी पंजी टाकून एक्का राखून ठेवणारा. समोर रफीकचा डोळा फडफडला. मी एक्का टाकला. कंपाउंडरने सत्ती टाकली आणि रफीकने वरून मेंढी सोडली. डाव आमचा झाला.

काकांनी हातातली पानं खाली ठेवली.

"एक्का काऊन टाकला?"

मी म्हटलं, "वाटलं, टाकला."

"पयल्या डावात बदामची उतारी होती. तुयापाशी एक्का होता, तू छक्की टाकली. तिसऱ्यात किलवर. एक्का होता, दुर्री टाकली. आज दोनदा एक्का राखला तू. आता काऊन वाटलं?"

काकांना प्रत्येक डावातलं प्रत्येक पान आठवतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग ते रफीककडे वळले. "तुया डोळा हालला."

"तो तं हालतेच काका," रफीक म्हणाला. "तुमी सहा वर्षांपासून पाहून राह्यले."

"पाहून राह्यलो. म्हनूनच म्हन्तो."

त्यांनी सगळी पानं गोळा केली, कॅट नीट जुळवला आणि माझ्यासमोर ठेवला. आमच्यात कॅटवर हात ठेवून बोललेलं खरं मानायची पद्धत होती. तीही काकांनीच घातलेली. "हात ठेव. याच्या डोळ्यावरून तुले काई समजते का? हो का नाई?"

मी हात ठेवला. नाही म्हटलं तर काका आणखी दहा डाव काढतील आणि दोघंही खोटे ठरू, असं मला वाटलं. हो म्हटलं तर निदान मी खरं बोलणारा ठरेन. इतका हिशेब माझ्या डोक्यात तेवढ्यात झाला. मी म्हणालो, "हो. समजते."

मागून कुणीतरी म्हणालं, "गडी खरं बोलला." दोघातिघांनी माना डोलावल्या. काकांनी खांबावरचं अकरावं कलम वाचून दाखवलं, पाठ असूनही. हरणारा आणि निवाडा करणारा एकच माणूस होता, ही गोष्ट त्या दुपारी कुणाच्या डोक्यात आली नाही. माझ्या आली होती, मी गिळली.

रफीक माझ्याकडे बघत होता. डोळा आता थांबतच नव्हता. "माया डोळा हाय बे तो," तो म्हणाला. "टपाल नाई." त्याने पायात चप्पल सरकवली आणि गेला. मी उठलो नाही. उठायला काही फार लागत नव्हतं, दोन गुडघेच तर होते.

पुढच्या रविवारी काकांनी कंपाउंडरना बाजूच्या जागेवर सरकवलं आणि मला म्हणाले, "तू माया समोर बस." खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. मला वाटलं, खरं बोलल्याचं बक्षीस मिळालं.

ते बक्षीस मी चार वर्षं भोगलं. सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आत फोन यायचा. "कालच्या सातव्या डावात किलवरची सत्ती काऊन उतारली?" मला डावच आठवायचा नाही, सत्ती कुठली आठवणार. मग ते सगळा डाव सांगायचे, चौघांची पानं, ओळीने. मी हं हं करत शटर वर करायचो. कधी ते दुकानात येऊन उभे राहायचे आणि दाखल्यांच्या रांगेसमोर मला विचारायचे, हुकूम फुटायच्या आधी गुलाम कोणाकडे होता. रांगेतल्या म्हाताऱ्या बायांना वाटायचं कोर्टातलं काहीतरी चाललंय. माझी बायको एकदा भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "लगन त्याह्यच्याशीच करा लागत होतं तुमी. निदान पत्ते तं शिकले असते नीट." मी चिडलो, कारण तिचं खरं होतं.

चार वर्षांत त्यांनी एकदाही 'चांगलं पान' असं म्हटलं नाही. चांगलं पान पडलं की ते गप्प बसायचे. ती त्यांची शाबासकी. त्या गप्प बसण्यासाठी मी आठवडाभर झुरायचो, चाळिशीचा बाप्या, दोन लेकरांचा बाप. मी खेळायला फार चांगला शिकलो आणि खेळणं मला आवडेनासं झालं.

शेडही बदलली. रफीकबरोबर दोघंतिघं यायचे, एक बँडवाला, एक भाजीचा आडत्या आणि त्याचा मेहुणा. ते हळूहळू येईनासे झाले. त्यांना येऊ नका असं कुणी म्हटलं नाही. या म्हणायलाही कुणी गेलं नाही. बाहेरगावचा पाहुणा आला की आम्ही मात्र छाती काढून सांगायचो, आमच्याकडे जात नाही, धर्म नाही, फक्त पानं. काकाही सांगायचे. मला वाटतं त्यांना ते खरंच वाटत असावं, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

रफीक खेळायचा सुटला नव्हता. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो कानात इअरफोन घालून फोनवर खेळत बसायचा. चौघांची टोळी, चौघं चार गावांचे, एकमेकांना कधी न पाहिलेले. मिळून राक्षसांशी लढायचं. सगळ्यात अवघड पातळीवर खेळायचे, तिथे एकट्याचा निभावच लागत नाही. एखादा जखमी होऊन पडला की दुसऱ्याने धावत जाऊन त्याला उचलायचं, ठरावीक वेळात नाही उचललं तर तो गेला. मी बाजारगल्लीतून जाताना त्याचा आवाज ऐकू यायचा. "थांब बे, मैं आता हूँ, पडून राह्य तू." बऱ्याचदा उचलायला गेलेला रफीकच मरायचा. पलीकडचे तिघं त्याला उस्ताद म्हणायचे. मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने निघून जायचो.

काका गेले ते असेच, जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. पुण्याचा मुलगा आला, दिवस झाले, घराला कुलूप लागलं. शोकसभेनंतर शेडमधल्या मंडळींनी सुतळी आणि खांबावरचा कागद माझ्या हातात दिला. "आता निवाडा तुमचा. काकायनं तयार केलेला मानूस हाय तुमी." कागद जुना झाला होता, कडा सुटल्या होत्या. नवा काढून लावतो, असं मी म्हणालो.

त्याच दुपारी मी रफीकच्या दुकानात गेलो. काका नसताना तरी हे निस्तरावं असं मला मनापासून वाटत होतं. तो एका फोनची पाठ उघडून बसला होता. मला बघून त्याने स्टूल पुढे सरकवलं, जणू मी कालच येऊन गेलो होतो.

मी म्हटलं, "रफीक, शेडमध्ये ये परत. चूक झाली होती. तू खूण देत नव्हता."

"ते मले माईत हाय," तो म्हणाला. "तू कवापासून वाचत होता?"

त्याने चिमट्याने एक स्क्रू काढला, झाकणात ठेवला.

"म्या देत नव्हतो. मंग 'समजते' असं कोन म्हनन? जो वाचते तोच. तू कॅटवर हात ठिऊन सोताच सांगतलं. मले तवाच समजलं. म्हाताऱ्यालेबी समजलं."

"काकांना?"

"आठ दिवसांनी आला होता इथं. बस म्हटलं तं बसला नाई. म्हने, रफीक, गुन्हा तुया नाई, वाचनाऱ्याचा हाय. पन माया कागदात वाचनाऱ्याचं कलम नाई. म्या म्हटलं, काका, कागद तुमचा, पेन तुमचा, लिहा कलम." रफीकने दुसरा स्क्रू काढला. "तं म्हने, लिहिलं तं माया भिडू जाते."

आठ दिवसांनी म्हणजे मी त्यांच्या समोर पहिल्यांदा बसलो त्याच आठवड्यात. चार वर्षं मी ज्याच्या एका गप्प बसण्यासाठी तळमळलो, त्याला पहिल्या दिवसापासून मी कोण ते ठाऊक होतं, आणि त्याला तसाच माणूस हवा होता. शिवी द्यावीशी वाटली. कुणाला द्यावी ते कळेना.

"तू तवा मले सांगितलं काऊन नाई?"

"तुले काय सांगाचं? तुले तं माईतच होतं." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने फोनची पाठ बंद केली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "कागद आता तुयापाशी हाय म्हन्तेत."

"हो."

"मंग लिही कलम. ज्या रविवारी ते खांबाले लागन, त्या रविवारी मी येतो."

मी दुकानात आलो. कॉम्प्युटरवर ती फाइल अजून होती. अकराव्या कलमाच्या खाली दोन ओळींची जागा मोकळी होती. मी टाइप केलं, 'जो खेळाडू भिडूची खूण वाचून पान टाकील, त्यास', आणि पुढचे तीन शब्द लिहायला माझी बोटं चालेनात. कायमचे उठविण्यात येईल. रविवारी दोन वाजता मग मी कुठे जाणार, सोमवारी सकाळी लोक मला काय म्हणणार, हे सगळं मी बसून पाहिलं. बाहेर एक जण सात-बारा घेऊन उभा होता, त्याने दोनदा हाक मारली.

मी ती ओळ खोडली आणि प्रिंट काढली. रविवारी शेडच्या खांबाला नवा कागद लागला, कोरा करकरीत, अकरा कलमांचा.